भरता न येणारी मोटर

"हाई मोटर भरता येस का?"

जळगावच्या शोरूममध्ये नानांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा विक्रेत्या मुलाने आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवर ओळीने टांगलेल्या एसींकडे. त्याला प्रश्न कळला नव्हता. मला कळला होता, आणि म्हणूनच तिथल्या तिथे डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं.

नाना म्हणजे माझे वडील. धुळ्यात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली, की शिंदखेड्यापासून नरडाण्यापर्यंतची माणसं ती मोटरसायकलला बांधून नानांकडे आणत. नाना आतली काळी पडलेली तार काढायचे, नवी तांब्याची तार गुंडाळायचे, वॉर्निश पाजायचे आणि दुसऱ्या दिवशी मोटर परत फिरायची. याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. होळी झाली की कूलरच्या मोटरी येऊ लागत आणि आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. माझं लहानपण वॉर्निशच्या वासात गेलं. डोळे अधू झाल्यावर नानांनी दुकान बंद केलं, पण एक मत मात्र शाबूत राहिलं: जी मोटर भरता येते ती मोटर, बाकी सगळा देखावा.

एसी घ्यायची वेळ त्यांच्यावर आली होती, हौस म्हणून नव्हे. आधीच्या मे महिन्यात भर दुपारी ते घरात पडले. शेजारच्या अक्कांना दिसले म्हणून वाचले. त्यांनी स्वतः बनवलेला लोखंडी कूलर समोर घरघरत होता, पण नळाला पाणी आलेलं नसल्यामुळे टाकी कोरडी होती आणि तो नुसत्या गरम झळा अंगावर फेकत होता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर नानांचं पहिलं वाक्य होतं, "मोटर ते चालूच व्हती." जणू कुणी मोटरवर आळ घेतला होता.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा उष्माघात होता, दुसरा झेपणार नाही. उन्हाळ्यात दुपारी थंड खोलीत राहिले तर धुळ्यात एकटे राहू देत, नाहीतर तुमच्याकडे घेऊन जा. नानांनी हे ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात आणि मी त्यांची एकुलती एक. मी जळगावला नोकरी करते, संसार करते. पण लेकीच्या घरी मुक्काम करणं म्हणजे नानांच्या हिशेबी हद्द झाली. माझ्या लग्नानंतर कित्येक वर्षं ते जळगावला येत, अंगणात उभ्या उभ्या आंबे देत आणि संध्याकाळच्या बसने परत जात. तर एसी म्हणजे नुसती गार हवा नव्हती. तो चालला तर नाना त्यांच्या घरात, नाही चालला तर माझ्या घरात, इतकी ती साधी गोष्ट होती.

म्हणून आम्ही त्या शोरूममध्ये उभे होतो आणि नाना विचारत होते, मोटर भरता येते का.

विक्रेता बिचारा समजावू लागला. एका एसीत तीन मोटरी असतात, एक कॉम्प्रेसरची, एक बाहेरच्या पंख्याची, एक आतल्याची. साध्या मशीनची मोटर एकतर पूर्ण जोराने फिरते, नाहीतर बंद पडून राहते. इन्व्हर्टर मशीनची मोटर गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरते, त्यामुळे वीज कमी लागते, आवाज होत नाही. तिला चालवायला एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. नानांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एका कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या साध्या मशीनकडे बोट दाखवलं.

"ती दखाड."

"काका, ते मॉडेल आता कोणी घेत नाही."

"तिनी मोटर भरता येस. मी स्वतः भरेल शे."

मी मध्ये पडले. नानांचं निवृत्तीनंतरचं उत्पन्न म्हणजे दुकानाच्या गाळ्याचं भाडं. दिवसभर साधं मशीन चालवलं तर विजेचं बिल बघून नाना दुसऱ्या दिवशी ते बंद करून ठेवतील आणि पुन्हा कूलरसमोर बसतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांचा स्वभाव मला ठाऊक नसेल तर कोणाला? तेव्हा इन्व्हर्टरच घ्यायचा, यावर मी अडून बसले. नाना म्हणाले, बिल एकदाच येतं महिन्याला, पण बिघडलं तर दुरुस्तीला किती? ते विचार आधी. मी विचारलं. विक्रेता हसला. "बिघडतच नाही मॅडम. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे."

"कोनती मोटरवर?" नानांनी विचारलं.

"सगळं आलं त्यात, काका," त्याने हाताने हवेत गोल काढत सांगितलं.

तो हवेतला गोल मला अजून दिसतो. कधी कधी तर जेवतानासुद्धा दिसतो.

इन्व्हर्टर आला. जळगावात घेतला, धुळ्याला बसवला. पहिला उन्हाळा उत्तम गेला. नाना दुपारभर खोलीत पडून राहत. फोनवर मी विचारलं, कसं काय चाललंय, तर म्हणत, "चाली ऱ्हायनं. पन आवाज येत नही तिना. चालू शे का बंद, समजत नही." ज्या मशीनचा आवाज नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा, ही त्यांची अडचण. मला तेव्हा हसू यायचं. बिल कमी आलं ते मात्र त्यांनी फोनवर सांगितलं नाही. मीच विचारून काढलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, दोन दिवस कामाला हात लावत नाहीत. मी नवऱ्याला म्हटलं, या वर्षी मी जाणारच, आणि पारोळ्यावरून धुळ्याची बस धरली. शेजारच्या अक्कांनी खापरावर पुरणपोळ्या केल्या होत्या, नानांनी आमरसाला आंबे पिळून ठेवले होते. पितरांची घागर भरून झाली आणि आम्ही ताटावर बसलो. तेवढ्यात खोलीतली हवा बदलली. आधी गार, मग कोमट, मग नुसती भिंतीतून येणारी धग. नानांनी घास तसाच ठेवला आणि गच्चीवर गेले. मी मागे धावले. बाहेरच्या मशीनचा पंखा थांबला होता. नानांनी जाळीतून काडी घालून त्याला ढकललं. पंखा थरथरला, दोन फेरे फिरला आणि पुन्हा थांबला.

"फॅननी मोटर गयी," नाना म्हणाले. सुतकात बोलतात तशा आवाजात. पण त्या आवाजात थोडं समाधानही होतं, हे मी शपथेवर सांगते.

मग सुरू झाला तो फोनचा खेळ, ज्यात माझं डोकं जळायचंच काय ते बाकी राहिलं. धुळ्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले, मशीन जळगावला घेतलंय, तिकडे तक्रार करा. जळगावला केला तर म्हणाले, मशीन बसवलंय धुळ्यात, ते आमच्या हद्दीत येत नाही. मी म्हटलं, मग दोघांच्या मध्ये पारोळ्याला आणून रस्त्यावर उभं करू का? पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो." जिला काहीच समजत नाही ती हेच वाक्य बोलते, हे मी त्या आठवड्यात शिकले.

शेवटी तक्रार धुळ्याला नोंदली गेली. माझी सुट्टी संपली होती. नानांना सांगितलं, दुपारी माणूस येईल, घरातच थांबा. नाना ओलं फडकं डोक्यावर टाकून ओसरीत बसून राहिले. दुपारी मला ऑफिसात मोबाईलवर संदेश आला: भेट दिली, घरी कोणी नव्हतं, तक्रार बंद.

तळपायाची आग मस्तकात गेली. नानांना फोन लावला.

"कोन सांगस? मी ते घरच व्हतू! दार उघाडं टाकीसन बठेल व्हतू!"

ते खरं होतं, कारण अक्काही तिथेच शेंगा निवडत बसल्या होत्या. आलं होतं कोण? कोणीच नाही. एवढ्या उन्हात गल्लीत शिरायचा कंटाळा आला असेल आणि कोणीतरी दुकानाच्या सावलीत बसून मोबाईलवर लिहून टाकलं असेल, घरी कोणी नव्हतं. नानांना पुढे ते मशीन, ती मोटर, तो खर्च, कशाचाच एवढा राग आला नाही, जेवढा या वाक्याचा आला. जो भेटेल त्याला सांगत राहिले, "लिखी टाकं, घर कोनी नही. मी काय भूत शे का?"

मी पुन्हा तक्रार केली, भांडले, वरच्या साहेबाचा नंबर मागितला. नंबर मिळाला, साहेब मिळाले नाहीत. अखेर एक मेकॅनिक खरंच आला. मी रजा टाकून तिथे हजर होते. त्याने मशीन उघडलं, मीटर लावून बघितलं आणि आपला निकाल दिला. फॅनची मोटर गेली आहे आणि बोर्डावरही डाग दिसतोय. मोटरने बोर्ड घालवला की बोर्डाने मोटर, सांगता येत नाही, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचे. दहा वर्षांची वॉरंटी? ती फक्त कॉम्प्रेसरच्या मोटरवर. फॅनच्या मोटरला आणि बोर्डाला एकच वर्ष, तेही संपलं. त्याने खर्च सांगितला. तो मशीनच्या निम्म्या किमतीला टेकत होता. साध्या मशीनची हीच मोटर बाजारात कुठल्याही दुकानात मिळते आणि जळाली तर भरूनही देतात, हेही त्याने जाता जाता सांगितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

पार्ट भिवंडीच्या गोदामातून यायचा होता. कधी? "मॅडम, सीझन आहे." तोपर्यंत सकाळच्या वेळी पंखा कधी कधी आपणहून फिरतो, तेव्हा खोली गार करून घ्या आणि दारं लावून बसा, एवढी सोय त्याने करून दिली. मी निम्मे पैसे भरले आणि जळगावला परतले.

ती सोय दोन-चार दिवस चालली. नाना पहाटे उठून पंख्याला काडीने ढकलत, खोली गार झाली की कोंडून घेत. दुपारपर्यंत कसंबसं निभत होतं. मी रोज फोन करत होते, एक त्यांना, एक सर्व्हिस सेंटरला. दोन्हीकडून उत्तर एकच: अजून नाही आला. मग एक दिवस नानांनी फोन उचलला नाही. अक्कांना लावला तर त्या म्हणाल्या, "ते गच्चीवर शेतस, हातोडी ठोकी ऱ्हायनात."

मी ऑफिसातून निघाले ती तशीच बसमध्ये बसले. पोचले तेव्हा नाना ओसरीत बसले होते. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, चेहरा लालबुंद. समोर त्यांची जुनी हत्यारं पसरलेली, पटाशी, हातोडी, पकड. आणि मधोमध ती मोटर, किंवा तिचं जे काही उरलं होतं ते.

त्यांनी ती खोलून भरायला घेतली होती. साधी मोटर असती तर चार बोल्ट काढले की आतलं तांबं हाती लागतं. हिला बोल्टच नव्हते. सगळी तार एका कडक, पांढऱ्या प्लास्टिकसारख्या गोळ्यात ओतून बंद केलेली. नानांनी पटाशी लावली. गोळा फुटला, त्याच्याबरोबर आतली तार तुटली आणि एका नखाएवढ्या छोट्या बोर्डाचेही दोन तुकडे झाले. सकाळी तासभर तरी फिरणारी मोटर आता कधीच फिरणार नव्हती.

मी ओरडले. किती ओरडले ते गल्लीला विचारा. चिडले की माझी ऑफिसातली मराठी पळून जाते. "नाना, काबर हात लावा तुम्ही? पार्ट येवावर व्हता ना?"

नानांनी तो पांढरा गोळा उचलून माझ्यापुढे धरला. बोटांना खरचटलं होतं, रक्त वाळलं होतं.

"तांबं कोठे शे आठे? दखाड माले. बठ्ठं प्लास्टिक भरेल शे." त्यांनी गोळा परत हत्यारांमध्ये ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तू जळगावले. आठे काय बिघडनं, ते मी मना हातथीन करी लेस. म्हनीसन मी एकला ऱ्हाई शकस. आते हाई माले खोलताबी येत नही. मंग मी आठे कसा ऱ्हासू?"

मी आपली वीज वाचवत बसले होते आणि ते भलतंच काही वाचवू बघत होते. पण खरं सांगायचं तर तेव्हा माया दाटून वगैरे आली नाही. तेव्हा मला फक्त राग येत होता, त्यांचा, त्या गोळ्याचा, हवेत गोल काढणाऱ्या त्या मुलाचा, आणि ज्याला आत जायला दारच नाही अशी मोटर बनवणाऱ्या सगळ्या शहाण्यांचा. रागाच्या भरातच मी त्यांची पिशवी भरली. त्यांनी विरोध केला नाही. त्यांनी विरोध केला असता तर मला बरं वाटलं असतं.

कुलूप नानांनीच लावलं. ते ओढून बघितलं, पुन्हा एकदा ओढून बघितलं आणि किल्ली अक्कांकडे न देता खिशात ठेवली.

जळगावला माझ्या घरी नाना पाहुण्यासारखे राहिले. खोलीत गार हवा होती, तरी खुर्चीच्या काठावर बसत. पिशवी उघडायचे, सदरा काढायचे आणि पिशवीचं तोंड पुन्हा बांधून ठेवायचे. सकाळी उठून दुधाची पिशवी स्वतः आणत, भाजी आणत, मी रागावले तर म्हणत, "आंडेरना घर फुकट कितला दिन खावानं?" आंडेर म्हणजे लेक. माझा नवरा म्हणाला, नाना, हे तुमचंच घर आहे. नाना म्हणाले, "हो, जावईबापू," आणि आणखी थोडे काठाला सरकले. फुटकी मोटर त्यांनी सोबत आणली होती. दुपारी बाल्कनीच्या दारात बसून स्क्रू ड्रायव्हरने ते प्लास्टिक कणाकणाने खरवडत राहायचे. बाल्कनीत सगळीकडे पांढरा भुगा. मी झाडत होते आणि कुरकुरत होते. एकदा बारीक तारेचं एक टोक सापडलं, तर ते त्यांनी मला हाक मारून दाखवलं. मी बघितलं. केसाएवढी तार. "चांगलं तांबं शे," ते म्हणाले.

पण दिवसेंदिवस त्यांचं बोलणं कमी होत गेलं. जेवण कमी झालं. धुळ्याचा विषय ते काढत नव्हते, आणि हेच मला जास्त खुपत होतं. तब्येत उत्तम होती, डॉक्टरांनी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती. मी रोज सर्व्हिस सेंटरला फोन करून तोंडाला येईल ते बोलत होते आणि ते रोज माझी गैरसोय समजून घेत होते.

जून लागला तरी ऊन हटलं नव्हतं. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमचा पार्ट आलाय. मोटर आणि बोर्ड, दोन्ही. उद्या सकाळी बसवायला येतो. पण धुळ्याच्या घरी कोणी आहे का? नाहीतर आम्हाला तक्रार बंद करावी लागते."

इतक्या आठवड्यांचं साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. एकेक शब्द निवडून ठेवला होता. पण आधी उत्तर द्यायचं म्हणून मी सुरुवात केली, "नाही हो, सध्या तिथं कोणी..."

बाल्कनीच्या दारातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कसं काय कोनी नही?" नाना उभे राहिले होते. हातातला पांढरा गोळा त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि सदऱ्याच्या खिशातली किल्ली चाचपत ते माझ्याकडे आले. "सांग त्याले. मी शे ना घर."

ते जळगावात माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हे सांगत होते. नवी मोटरही तशीच असणार होती, बोल्ट नसलेली, भरता न येणारी, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि फोनकडे वाकले.

"हो," मी म्हणाले. "घरी माणूस आहे. सकाळी या."

नाना तोवर चपला शोधू लागले होते.